कमरेवरचा हात

लेकीची कराटेच्या ऑरेंज बेल्टची परीक्षा झाली. सोसायटीच्या हॉलमध्ये सर्टिफिकेटं वाटताना सर म्हणाले, ही हजारो वर्षांची विद्या, आपल्याच बोधिधर्म नावाच्या बौद्ध भिक्षूने चीनला नेलेली. सगळ्या पालकांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही. ही गोष्ट ज्या चिनी पोथीवरून पसरली ती सतराव्या शतकातली, म्हणजे बोधिधर्मानंतर हजारेक वर्षांची. पण आपल्याला 'मूळ भारतातलं' म्हटलं की पुढचं ऐकू येत नाही.

कराटे ओकिनावाचं, म्हणजे आजच्या जपानच्या दक्षिणेकडच्या बेटाचं. १८७९ पर्यंत तिथे र्‍युक्यूचं वेगळं राज्य होतं, जपानात ते नंतर आलं. ही विद्या तिथे चारचौघांत शिकवत नसत. गुरू मोजक्याच शिष्यांना द्यायचा. तिथल्याच इतोसु अंको या गुरूंनी १९०१ च्या सुमारास ती ओकिनावातल्या शुरीच्या शाळेत आणली आणि पोरांना झेपतील अशा पाच काता, म्हणजे एकट्याने करायच्या ठरलेल्या हालचालींच्या मालिका, बसवल्या. थोडक्यात, पीटी! फुनाकोशी गिचिन यांनी १९२२ मध्ये ती तोक्योत दाखवली. पांढरा पोशाख आणि पट्टे ज्युदोवाल्या कानो जिगोरोंकडून आले. फुनाकोशींनी पहिले ब्लॅक बेल्ट दिले ते १९२४ मध्ये. आमच्या ऑरेंजचं वय काय ते बघा.

पीटीशी माझं भांडण नाही. पोरगी न उठवता सहाला उठते, अजून काय हवं? भांडण आहे ते क्लासच्या बॅनरवरच्या 'स्वसंरक्षण' या शब्दाशी.

साधा गेदान-बराई, म्हणजे खालचा वार अडवणं, घ्या. एक हात खाली झटकायचा, दुसरा मूठ वळून कमरेशी खेचायचा. कमरेशी कशाला? लेकीला क्लासमध्ये उत्तर मिळालं, "त्याने फोर्स येतो." अहो, त्या हाताचं जपानी नावच हिकिते, ओढणारा हात! समोरच्याचं मनगट पकडून त्याला आपल्याकडे ओढायचं, तोल गेला की दुसऱ्या हाताने हाणायचं. शाळेच्या मैदानावर पन्नास पोरं ओळीत उभी केली, समोरचा माणूस गेला, हात तेवढा कमरेवर राहिला. आणि बसमध्ये, जिन्यात कुणी पोरीचं मनगट धरलं तर नेमकं हेच लागणार ना?

रविवारी ओट्यापाशी तिला म्हटलं, धर माझं मनगट आणि कातात करतेस तस्सा हात मागे घे. तिने घेतला. मी गॅसवर आपटता आपटता वाचले, डाव आमटीत. दोन वर्षं ही बया तोच हात हवेत ओढत होती.

आता येता-जाता मनगट धरते. सासूबाई म्हणाल्या, "आधी आमटी उतरवा, मग काय ते करा."