कुंड्या वल्ल्या कशा?

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

संध्याकाळी लातुरात एका वाचनाच्या कार्यक्रमाला गेले होते. पाहुणे समोर बसलेल्यांना विचारत होते, सध्या काय वाचताय? माझी पाळी आली तेव्हा मी खरं ते सांगितलं. एक हलकीफुलकी रहस्यकथा, इंग्रजीतून मराठीत आलेली. पाहुणे हसले. "ताई, ते वाचन नव्हे, तो टाइमपास झाला. आपण दुष्काळी भागातली माणसं. आपल्या मातीशी काय संबंध त्याचा?" सगळे हसले. त्यात ओळखीचेही होते. मी गुपचूप खाली बसले. तिथे तोंडातून शब्द फुटला नाही.

दुष्काळ मला शिकवता?

२०१६चा उन्हाळा आठवा. मांजरा धरण कोरडं पडलेलं. पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ती गाडी सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिली. आमच्या गल्लीत मात्र टँकरची वाट बघणं काही सुटलं नाही. रात्री अकराला येणार म्हणायचे, यायचा दोनला. घागरी, कॅन, ड्रम रांगेत लावून आम्ही बायका ओट्यावर बसायचो. माझ्याजवळ वाचनालयातून आणलेली अशीच एक रहस्यकथा होती. मोबाइलच्या उजेडात वाचत होते, तर शेजारच्या काकू म्हणाल्या, "मनात काय वाचतीस, मोठ्यानं वाच की."

तेव्हापासून रोज रात्री मोठ्यानं वाचन.

इंग्लंडमधलं एक खेडं. एकटी राहणारी श्रीमंत म्हातारी घरात मरून पडलेली. पुतण्या म्हणतो, ती परवाच गेली असणार, तेव्हा मी लंडनला होतो. पोलिसांना पटतं, डॉक्टरांना पटतं. मध्येच एका ओळीत लिहिलेलं, खिडकीच्या आतल्या कुंड्यांची माती ओली होती. मी ती ओळ वाचून पुढे निघालेही होते. काकूंनी हात धरला. "थांब. कुंड्या वल्ल्या कशा? मेल्यालं माणूस पाणी घालतंय का?"

ओटा गप्प झाला. प्रेत सापडलं त्या दिवशी सकाळपर्यंत म्हातारी जिवंत होती, पुतण्या खोटं बोलत होता. पुस्तकातल्या निवृत्त मास्तरीणबाईंना हे उमगायला अजून दीडशे पानं लागली. आमच्या काकूंना घोटभर पाण्याची किंमत माहीत होती, त्यांना तिथल्या तिथे कळलं.

आता सांगा, मातीशी संबंध कुणाचा नाही?

असल्या कित्येक पुस्तकांत दम नसतो, महिन्याभरात नावही आठवत नाही, हे मान्य. पण गंभीर म्हणून मिरवणाऱ्या सगळ्याच पुस्तकांत तरी कुठे असतो? चांगल्या रहस्यकथेत लेखक सगळे धागे वाचकाच्या डोळ्यांसमोर ठेवतो आणि तरीही त्याला चकवतो. ते करून बघा म्हणावं. अगाथा ख्रिस्तीबाईंनी पहिल्या महायुद्धात दवाखान्याच्या औषध विभागात काम केलं, विषांची माहिती तिथे मिळवली, मग लिहिलं. आपल्या बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. माझे वडील चौथी शिकलेले. अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाड या नायकांपायी त्यांना वाचनाची गोडी लागली ती शेवटपर्यंत राहिली. कार्यक्रमात हसलेल्यांपैकी किती जणांच्या घरी असाच एखादा बाप होता, ते त्यांनीच आठवावं.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. पाहुणे वयानं मोठे आहेत, त्यांनी पुष्कळ वाचलंय. त्यांच्यापेक्षा आपल्या माणसांचं हसणं मला जास्त लागलं.

कारण मला तो ओटा दिसतो. रांगेत घागर पुढेमागे सरकली की भांडणं व्हायची, कधी झिंज्या धरण्यापर्यंत जायची. पुस्तकामुळे भांडणं थांबली असं मी म्हणणार नाही. पण भांडून झालं की तीच बाई पदरानं तोंड पुसत ओट्यावर येऊन बसायची आणि म्हणायची, "हं, पुढं वाच. त्या पुतण्याला धरलं का?" टँकरचा दिवा कोपऱ्यावर दिसला की काकू उठता उठता बजावायच्या, "पान दुमडून ठेव. एकटी वाचू नको." मी त्या उन्हाळ्यात एकदाही एकटीनं पुढचं पान उलटलं नाही.

काकू आता उदगीरला लेकीकडे असतात. कार्यक्रमातून घरी आल्यावर पहिला फोन त्यांना लावला, झालं ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि त्या पाहुण्यांबद्दल अवाक्षर काढलं नाही. विचारलं, "नवीन कोणतं आणलंयस? किती वाचून झालं?"

चाळीस पानं, म्हटलं.

"मग पहिल्यापासून सुरू कर. रविवारी ये."