दहाचे दहा थाट बिलावल!

काहून राजेहो, कोमल (उतरलेल्या) रिषभाखाली, म्हणजे रे खाली, एक आडवी रेघ मारायला एवढे हात दुखतात का? 'भैरव बंदिश स्वरलिपी पीडीएफ' असं शोधायचं, समोर येईल ते उघडायचं, आणि आरोह काय लिहिलेला असतो? सा रे ग म प ध नि सां. हा भैरव? रे आणि ध यांच्या खालच्या रेघा गळाल्या की झाला त्याचा बिलावल, म्हणजे सगळेच स्वर शुद्ध. तोडीत रे, ग, ध कोमल आणि म तीव्र (चढा). चारही खुणा उडाल्या, तोही बिलावल. संगीतशास्त्री विष्णु नारायण भातखंड्यांनी रागांच्या वर्गवारीचे दहा थाट मांडले, नेटवाल्यांनी त्यातला एकच शिल्लक ठेवला.

हे होतं कसं, तेही ऐका. टाइप करणारा वर्डमध्ये 'रे' निवडतो आणि अंडरलाइनचं बटण दाबतो. ती रेघ अक्षराचा भाग नसते, वरवरची सजावट असते. दुसरा तोच मजकूर साध्या अक्षरांत कॉपी-पेस्ट करतो, तेव्हा अक्षर येतं आणि सजावट मागे राहते. कणस्वराचंही तेच. रे ला लागलेला बारीक ग पेस्ट झाल्यावर पूर्ण आकाराचा होतो, 'गरे' दिसतं, आणि वाचणारा अर्ध्या-अर्ध्या मात्रेचे दोन स्वर म्हणतो. व्हॉट्सॲपवरचे शहाणे कोमल दाखवायला रे च्या दोन्ही बाजूंना अंडरस्कोर देतात. तिथे अंडरस्कोर गायब होतात आणि रे तिरका होतो. ओळीच्या सुरुवातीला लांबवलेल्या मात्रेची '-' आणि पुढे जागा आली, तर ॲप तिची यादीतली गोळी करून टाकतं. गेली एक मात्रा!

बोलांमधल्या अवग्रहाची, म्हणजे अक्षर लांबवायच्या खुणेची, तर दैना आहे. ऽ कीबोर्डवर सापडत नाही म्हणून इंग्रजी एस ठोकतात. कुणी तेच पान स्कॅन करून मशीनकडून वाचून घेतलं की त्याचा 5 होतो. मग 'बा55जे' असलं काहीतरी पोरांनी गायचं.

तालाचे रकाने हा वेगळाच ताप. तीनतालाच्या 16 मात्रा, चार-चारचे विभाग, समेवर (पहिल्या मात्रेवर) ×, पाचवीवर 2, नववीवर 0, तेरावीवर 3. हे सगळं स्पेसबार दाबून जुळवलेलं असतं. वेबपानावर सलग दहा स्पेस दिल्या तरी एकच दिसते. पुष्कळ द्रुत बंदिशी नवव्या मात्रेवरून, म्हणजे 0 खूण असलेल्या 'खाली'वरून उठतात. इथे स्पेस गळाल्या की मुखड्याचं, म्हणजे बंदिशीच्या पहिल्या ओळीचं, पहिलंच अक्षर समेखाली येऊन बसतं. आता लावा ठेका.

आणि सगळ्यात डोकं फिरवणारा प्रकार म्हणजे दोन स्वरलिपींची, म्हणजे स्वर लिहायच्या पद्धतींची, खिचडी. भातखंडे पद्धतीत स्वरावर टिंब म्हणजे तार (वरचं) सप्तक. विष्णु दिगंबर पलुस्करांच्या पद्धतीत तेच टिंब मंद्र (खालचं). भातखंड्यांची म वरची उभी रेघ तीव्र मध्यम दाखवते, पलुस्करांकडे स्वरावरची उभी रेघ म्हणजे तार. पान कुठल्या पद्धतीचं आहे हे वर लिहायला एक ओळ पुरते. ती एक ओळ कोणी लिहील तर शपथ!

मग स्कॅनकडे वळावं म्हटलं, तर पुस्तक पूर्ण न उघडताच दाबलेलं, शिवणीत पहिल्या मात्रेचा रकाना गडप. निव्वळ काळ्या-पांढऱ्यात, कमी डीपीआयवर स्कॅन केलं की मंद्राची खालची टिंबं धूळ समजून पुसली जातात. वरून वॉटरमार्क, नेमका तिसऱ्या विभागावर, आणि 'पैसे भरा'. अरे, भातखंडे 1936 साली गेले. कॉपीराइटची मुदत केव्हाच संपली. त्यांची बंदिशींची क्रमिक पुस्तकमालिका मूळ मराठीत निघाली, पण शोधलं की हिंदी भाषांतरंच अंगावर येतात. निदान मूळ मजकुराचे तरी पैसे कसले मागता?

मे महिन्यात गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षा आल्या की नागपुरात सीताबर्डीच्या झेरॉक्सच्या दुकानांत 45 डिग्रीत घाम पुसत पोरं हीच पानं काढतात. मध्यमाचं, वरच्या परीक्षेचं पोरगं तरी ओळखेल; प्रारंभिकचं, अगदी पहिल्या परीक्षेचं, काय करणार बिचारं?

टाइप करणाऱ्यांनो, वेदपाठासाठी युनिकोडमध्ये अनुदात्ताची आडवी आणि उदात्ताची उभी खूण आधीच आहे. त्या अक्षराला चिकटतात, पेस्ट केल्यावरही गळत नाहीत. सा रे॒ ग॒ म॑ प ध॒ नि सां: बघा, तोडी तोडीच राहिली! मंद्राला नुक्ता द्या, ऩि. मात्रांसाठी टेबल करा, पीडीएफमध्ये फॉन्ट एम्बेड करा, आणि पाठवताना फोटो नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

शोधणाऱ्यांनी रागाचं नाव टाकू नये, मुखड्याचे पहिले तीन-चार शब्द देवनागरीत टाकावेत. फाइल उघडली की आधी कोमल-तीव्र बघा, मग एका आवर्तनाच्या मात्रा बोटावर मोजा. तीनतालात सोळाऐवजी पंधरा भरल्या तर प्रिंटचे पैसे घालवू नका.