चार्ली एक्ससीएक्स 'आपली' कशी?

ब्रिटिश पॉप गायिका चार्ली एक्ससीएक्सचा विषय अव्याने काढला. "आई युगांडातल्या गुजराती घरातली, वडील स्कॉटिश. म्हणजे अर्धी आपलीच की!"

मेघा उसळली. "जन्म केंब्रिजचा, वाढली एसेक्समध्ये. २०२५मध्ये तीन ग्रॅमी मिळाल्यावर बरं नातं आठवलं तुला!"

मला विचाराल तर नात्यापेक्षा त्या घराने काय केलं ते बघा. पोरगी शाळकरी वयाची, लंडनच्या गोदामांमधल्या रेव्ह पार्ट्यांत (रात्रभर चालणाऱ्या नाचगाण्याच्या पार्ट्यांत) गायला बोलावणं आलं, तर आईवडील स्वतः तिच्याबरोबर गेले. पहिल्या रेकॉर्डिंगसाठी पैसेही त्यांनीच उसने दिले. किती घरांत होतं हे?

"ते मान्य," अव्या म्हणाला, "पण स्वतः लिहिलेलं 'आय लव्ह इट' आयकोना पॉप या स्वीडिश जोडीला देऊन टाकणं हा वेडेपणाच. २०१३ला ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरावर गेलं ते! आणि २०१४चं 'फॅन्सी'? सात आठवडे अमेरिकेत अव्वल, पण नाव झालं रॅपर इगी अझेलियाचं."

"आणि त्यातलं तुला काय पाठ आहे?" मेघाने विचारलं.

अव्या गप्प. पाठ होता तो कोरस, आणि तो गायलाय चार्लीनेच.

माझं म्हणणं सरळ आहे. गाणं कोणीही गावो, लिहिणाऱ्याची रॉयल्टी त्याला मिळतेच. दुसऱ्यांसाठी हिट गाणी लिहिता येतात, म्हणूनच २०१६मध्ये सोफी या संगीत निर्मातीबरोबर 'व्रूम व्रूम'सारखा कर्कश, धातूवर धातू घासल्यासारखा प्रयोग करायची तिची छाती झाली. २०२० च्या लॉकडाउनमध्ये तर ओळी चाहत्यांपुढे ऑनलाइन ठेवत, त्यांचं मत घेत तिने काही आठवड्यांत घरातच अख्खा अल्बम केला.

"तरी खरं नाव व्हायला २०२४चा 'ब्रॅट' अल्बम यावा लागला," अव्या हटेना. "पहिल्या अल्बमनंतर अकरा वर्षं!"

"अरे, पण त्यातलं 'गर्ल, सो कन्फ्यूझिंग' नीट ऐक," मेघा म्हणाली. "एका गायिकेशी आपलं जमतं की नाही हेच कळत नाही, असं ती उघड गाते. लोक म्हणाले, ही न्यूझीलंडची गायिका लॉर्डच. आणि रिमिक्समध्ये खुद्द लॉर्ड येऊन आपली बाजू गाऊन गेली. स्वतःच्या गाण्यात समोरच्याला उत्तर द्यायला जागा करून देणारी दुसरी कोण दाखव मला."

अव्याने दोन नावं घेतली. मेघाने दोन्ही खोडली.