नावं ठेवायच्या आधी पोराचा कान बघा

ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला येऊन सहा वर्षं झाली, त्यातली चार डे-केअरमध्ये गेली, आणि हे कधीपासून लिहायचं होतं. आमच्याकडे चार वर्षांचा एक ॲबोरिजिनल, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी, मुलगा होता, हाक मारली तरी वळायचा नाही, गोष्ट चालू असली की उठून जायचा. हट्टी आहे, ऐकतच नाही, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणलं, त्याचं अजून वाईट वाटतं, कारण तपासणीत दोन्ही कानांच्या पडद्यांमागे चिकट द्रव साठलेला निघाला. पोराला नीट ऐकूच येत नव्हतं हो!

आपल्याकडे कान ठणकला की पोरगं घर डोक्यावर घेतं, म्हणून आपण धरून चालतो की दुखत नाही म्हणजे ठीक आहे. इथल्या दुर्गम वस्त्यांवर बऱ्याच बाळांना पहिल्या काही महिन्यांतच इन्फेक्शन होतं, पुष्कळदा ताप नाही रडणं नाही, आणि ते रेंगाळत राहतं. कान फुटून वाहणारी मुलं ४ टक्क्यांच्या वर गेली तर तातडीने हालचाल करा असं डब्ल्यूएचओ सांगते, आमच्या नॉर्दर्न टेरिटरी या भागातल्या काही वस्त्यांत प्रमाण त्याच्या कितीतरी पट निघालंय. आणि कृपा करून आयांना दोष देऊ नका. घरं कमी, माणसं जास्त, नळ-मोरी बिघडली की दुरुस्ती लांबते, तज्ज्ञ डॉक्टर शेकडो किलोमीटरवर.

नेमक्या याच वयात बाळ आजीचं, मावशीचं बोलणं ऐकून भाषा शिकतं. कान बंद असला की शब्दांची शेपटं गळतात, मग योलंगू माथा असो की क्रिओल (दोन्ही इथल्या ॲबोरिजिनल लोकांच्या बोली), घरचीच भाषा अर्धी पोचते, शाळेतली इंग्रजी तर लांबच.

एका वस्तीवरच्या हेल्थ वर्कर आजींनी मला वाहता कान पुसायला शिकवलं. टिश्यूची वात वळायची, अगदी समईला वळतो तशी, हलकेच फिरवत आत सरकवायची, वीसेक सेकंद थांबायचं, ओली झाली की दुसरी, कोरडी बाहेर येईपर्यंत. मगच डॉक्टरांनी दिलेले थेंब. आणि हे करताना आजी त्या बाळाशी त्यांच्या भाषेत सारखं बोलत होत्या, तोंडासमोर तोंड आणून.

इथे नर्सिंगमध्ये, डे-केअरमध्ये आपली मंडळी आहेत, त्यांना हात जोडून सांगते, मूल कशालाही आलेलं असो, कान बघा किंवा बघायला लावा. अजून शाळेत न जाणाऱ्या ॲबोरिजिनल मुलांची तपासणी हिअरिंग ऑस्ट्रेलिया ही सरकारी संस्था फुकट करते, घरच्यांना हे सांगा, नंबर लावून द्या.