जे फेकायचं ते खाता कशाला? : अॅव्होकाडोच्या बीवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अॅव्होकाडोच्या बीची पूड चार महिने खाल्ली आणि माझं कोलेस्टेरॉल उतरलं, असं मी मागच्या आठवड्यात लिहिलं, त्याखाली 'एक वाचक, पुणे' अशा नावाने एक प्रतिक्रिया आलीय. तिथंच उत्तर लिहायला बसले होते पण ते इतकं लांबत गेलं की शेवटी वेगळंच टाकतेय. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी ती अशी: "काकू, व्हॉट्सअॅपचं ज्ञान लेख म्हणून खपवू नका. जे फेकून द्यायचं असतं ते खाण्यात कसलं शहाणपण? बीमधे पर्सिन (अॅव्होकाडोतलं एक विषारी द्रव्य) असतं, माणसांवर धड अभ्यास झालेले नाहीत, खुद्द कॅलिफोर्नियातलं अॅव्होकाडो कमिशन बी खायची शिफारस करत नाही. तुमचं कोलेस्टेरॉल रंकाळ्याच्या फेऱ्यांनी आणि फरसाण सोडल्याने उतरलं असणार. लोक तुमच्या नादाने विष खातील."

आधी 'काकू'चं बोलूया. आमच्या कोल्हापुरात अनोळखी बाईला ताई म्हणतात, वहिनी म्हणतात, मावशी म्हणतात आणि ते मायेनं म्हणतात. तुमचं काकू तसलं नाही, ते वाचल्यावर लगेच कळतं. आणि व्हॉट्सअॅप? ती पूड मी स्वतः केली, स्वतः खाल्ली, चार महिने वहीत तारखेनिशी लिहून ठेवलं, मग लेख लिहिला. कुठलाही फॉरवर्ड वाचून लिहिलेलं नाही. तुम्ही नाव न लिहिता एका ओळीत माझी चार महिन्यांची मेहनत कचऱ्यात टाकलीत, हे मला लागलं आणि लागलं असं सरळ सांगते.

आता ते वाक्य. "जे फेकून द्यायचं असतं." कुणी ठरवलं ओ हे? फणसाच्या आठळ्या तुम्ही फेकता का? आमच्याकडे उकडून, चुलीत भाजून, आमटीत घालून खातात, पोरं गऱ्याआधी आठळीवर टपून असतात. कलिंगडाच्या बिया आपण थुंकतो आणि त्याच सोलून मगज म्हणून दुकानात किलोवर विकत घेतो. कोकमाच्या बियांचं तेल काढतात, थंडीत टाचांच्या भेगांना त्याच्यासारखं काही नाही. चिंचोके भाजून आम्ही लहानपणी गालात धरून अख्खी दुपार काढायचो, आणि त्याच चिंचोक्यांची खळ घोंगडीला लावतात म्हणून घोंगडी ताठ राहते, पट्टणकोडोलीच्या जत्रेत घोंगडी विकणाऱ्या कुणालाही विचारा. आंब्याच्या कोयीतल्या गराचं तूपासारखं तेल निघतं, ते थोड्या प्रमाणात कोको बटरऐवजी चॉकलेटमधे वापरायला युरोपात सन 2000 च्या कायद्याने परवानगी आहे. म्हणजे तुम्ही उकिरड्यावर टाकलेली कोय परदेशातल्या चॉकलेटमधे जाऊन बसते!

आणि बिब्बा घ्या. त्याच्या टरफलातलं तेल अंगाला लागलं तर फोड येतात, आमच्या आत्याच्या हातावर अजून डाग आहे. तरी त्याच्याच आतली गोडंबी आपण डिंकाच्या लाडवात घालतो आणि बाळंतिणीला देतो. कुणीतरी कधीतरी ते टरफल कसं फोडायचं, हात कसे जपायचे हे शिकलं म्हणूनच ना? पहिल्याच माणसाला कुणी "फेकून दे, विष आहे" म्हणालं असतं तर आज लाडवात गोडंबी नसती.

माझ्या सासूबाई माणदेशातल्या, म्हसवडकडच्या. 1972 च्या दुष्काळात त्या कामावर जायच्या, सुकडी आणि मिलो (बाहेरून आलेली लाल ज्वारी) खाऊन दिवस काढले. त्या सांगायच्या की तेव्हा कोयी फोडून आतला गर पाण्यात भिजवायचा, दोन-तीनदा पाणी बदलून तुरटपणा घालवायचा, वाळवायचा आणि जात्यावर दळायचा. पुढं चांगले दिवस आले तरी कुणाचं पोट बिघडलं की कोयीची चिमूटभर पूड ताकातून द्यायच्या. माझ्या दोन्ही मुलांना दिलीय आणि दोघंही ठणठणीत आहेत. त्यात आमच्या घरचं मिरची कांडप, 23 वर्षं मी त्या धुरळ्यात उभी आहे. कुठला जिन्नस किती वाळला की दळायचा, कुठली पूड कडवट वास मारते म्हणजे खराब झाली, हे मला नाकाने कळतं, त्याला इंटरनेट लागत नाही.

म्हणून भाचा बेंगळुरूहून बटर फ्रूट घेऊन आला (तिकडं अॅव्होकाडोला तेच म्हणतात) आणि गर खाऊन झाल्यावर ती लिंबाएवढी बी हातात राहिली तेव्हा मला ती फेकवेना. वरचं तपकिरी साल काढलं, किसणीवर किसली, किस आधी पांढरट होता आणि बघता बघता केशरी, मग विटकरी झाला. सफरचंद चिरून ठेवलं की काळं पडतं तशातलाच प्रकार, बीतली पॉलिफेनॉलं (झाडाफळांत असतात ती एक प्रकारची द्रव्यं) हवेला लागून रंग बदलतात. चव कडू आणि तुरट, टॅनिनमुळे. पंख्याखाली दोन दिवस वाळवून मिक्सरला फिरवली, वस्त्रगाळ केली. अर्धा चहाचा चमचा ताकातून, आठवड्यातून तीनदा. अख्खी बी मिक्सरमधे घालू नका, पातं जाईल, हे लेखातही लिहिलं होतं.

अभ्यास नाहीत म्हणता? अॅव्होकाडोतल्या पॉलिफेनॉलांचा मोठा वाटा गरात नसतो, साल आणि बीत असतो. मेक्सिकोत जुलाब, आव यावर बी वापरायची जुनी पद्धत आहे, नायजेरियात रक्तदाबासाठी घेतात. मेक्सिकोतल्या संशोधकांनी 2012 मधे कोलेस्टेरॉल वाढवलेल्या उंदरांना बीचं पीठ दिलं आणि त्यांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, कमी झालं. अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठात बीच्या त्या केशरी अर्काने प्रयोगशाळेतल्या पेशींमधला दाह कमी झालेला दिसला, ते 2019 मधे छापून आलं. हे माणसांवरचं नाही असं तुम्ही म्हणणार, माहितीय मला. उंदरावरून माणसावर यायला वेळ लागतो, तोवर मी माझ्या अर्ध्या चमच्याची मालक आहे. कॅलिफोर्नियाचं कमिशन म्हणजे अॅव्होकाडो पिकवणाऱ्यांची संस्था, ती गर विकायला बसलीय, बीचं त्यांना काय पडलंय?

एक गोष्ट मात्र तुमची मान्य करते, कारण मी हट्टी असले तरी खोटी नाही. पर्सिनबद्दल मी लेखात लिहायला पाहिजे होतं, निदान जनावरांपुरतं तरी. ते अॅव्होकाडोच्या पानात, सालीत, बीत असतं आणि शेळी, घोडा, ससा, पक्षी यांना बाधतं, दुभत्या जनावराच्या कासेला सूज येते, दूध कमी होतं, पक्षी तर मरतात. आपल्याकडे साली-बिया उचलून म्हशीपुढं टाकायची सवय आहे. तसं अजिबात करू नका. हे वाक्य मी आज लेखात वरतीच घातलंय. गरोदर बायकांनी आणि रोजच्या गोळ्या चालू असलेल्यांनी हे करू नये तेही घातलंय. माझ्या वडिलांना रक्त पातळ करायची गोळी आहे, त्यांना मी पहिल्या दिवसापासून एक कणसुद्धा दिलेला नाही. एवढं भान मला आहे, ते तुम्ही विचारलं असतंत तर सांगितलं असतं.

राहिलं रंकाळा आणि फरसाण. रंकाळ्याला मी बी सुरू करायच्या आधीपासून जाते, फक्त या चार महिन्यांत एक फेरी वाढवली. फरसाण सोडलं हे खरं, पण माझं फरसाण म्हणजे असं किती होतं, आठवड्यातून दोनदा मिसळीवरचं. एलडीएल 158 चं 129 झालंय, रिपोर्ट कपाटात आहे. एका फेरीने आणि दोन मुठी फरसाणाने एवढं उतरतं असं तुम्हाला वाटत असेल तर खुशाल वाटू दे, त्यावर मी वाद घालत नाही.

आणि "विष" हा शब्द. मी कुणाच्या दारात जाऊन कुणाला चमचा भरवलेला नाही. मी काय केलं आणि मला काय झालं एवढं लिहिलं. तुम्ही ती बी एकदा तरी हातात घेतलीय का, किसलीय का, चाखलीय का? नसेल तर निदान बोलताना जरा जपून.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, आहे तशी ठेवलीय. पुढच्या वेळी नाव लिहा आणि काकू सोडून काहीही म्हणा. परवा भाचा परत येतोय, पिशवीभर फळं आणतो म्हणालाय, या वेळी किस दोनदा पाण्यातून काढून बघणार आहे सासूबाईंच्या कोयीसारखा, कडूपणा किती जातो ते इथेच लिहीन.