नाकासमोर चालणारी जीप

मी नाकासमोर चालणारा माणूस. माझी जुनी महिंद्रा जीप तशी नाही. आधीच्या मालकाने ती हौसेने उंच केलेली: पुढचे शॅकल, म्हणजे स्प्रिंगचे पाटे चौकटीला टांगणाऱ्या कड्या, लांब, पाटे जाड, टायर ट्रॅक्टरला शोभतील असे. आईला चढायला स्टूल लागतं, आणि ती बसल्यावर ते आत कुणी घ्यायचं यावर दर वेळी वाद होतो.

सिंहगड रस्त्यावर पन्नासच्या पुढे काटा गेला की स्टिअरिंगला बोट लागायचा अवकाश, जीप शेजारच्या रिक्षाची विचारपूस करायला निघायची. मी शिंकलो तरी लेन बदलायची. खड्डा आला तर शिंकायचीही गरज नसे.

पुण्यात रोगी एक आणि वैद्य अख्खी सोसायटी. खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "टायरमधली हवा कमी कर." केली. अलाइनमेंटवाल्याने टो-इन, म्हणजे पुढच्या चाकांची तोंडं किंचित आत, जुळवण्याचे पैसे घेतले आणि "एवढी उंच गाडी करायचीच कशाला?" हे फुकट ऐकवलं. नाना पेठेत टाय रॉड एंड, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाचे सांधे, मागितले, तर दुकानदाराने आधी "कुणी सांगितलं बदलायला?" म्हणून उलटतपासणी घेतली. तेही बदलले. जीप ढिम्म.

शेवटी वडगावचे एक म्हातारे मिस्त्री चाकाशेजारी उकिडवे बसले, तंबाखूचा बार एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला आणि चाक ज्याच्याभोवती वळतं त्या किंगपिनकडे बोट दाखवलं.

"साहेब, सायकलचा चिमटा बघा. वरून मागं कललेला असतो ना? म्हणून चाक सरळ राहतं. तुमचे शॅकल लांब केले, त्यात अख्खा अ‍ॅक्सल पुढं फिरला. कॅस्टर, म्हणजे तो मागचा कल, गेला."

मूळ अमेरिकन विलीस जीपच्या काळापासून या जीपांना ३ अंशांच्या आसपास कॅस्टर लागतो. माझ्याकडे तो नावालाही उरला नव्हता. शिवाय उंचीमुळे स्टिअरिंगचा दांडा तिरपा झालेला, त्यामुळे पाटा दबला की चाक आपोआप वळणार.

उपाय निघाला पाचर! पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये एका अंगाला जाड, दुसऱ्या अंगाला निमुळती लोखंडी पट्टी. दांड्याच्या तिरकेपणासाठी तो दांडा ओढणारा, खाली वाकवलेला पिटमन आर्म. गंजलेला यू-बोल्ट सोडताना पाना निसटला, तेव्हा मिस्त्रींच्या तोंडून एकही इंग्रजी शब्द आला नाही.

आता जीप सिंहगड रस्त्यावर सुतासारखी सरळ जाते. फक्त कॅस्टर वाढल्यावर स्टिअरिंग जड होतं, आणि पॉवर स्टिअरिंग या गाडीने स्वप्नातही पाहिलेलं नाही. पार्किंगमध्ये घाम गाळत मी चाक फिरवत होतो, तेवढ्यात काका आले.

"जड जातंय? जाणारच. हवा कमी केलीस ना?"