हनोईत जे शिकले ते मानपाड्याला चालत नाही

एका लेखात वाचलं की व्हिएतनामच्या राजधानीत, हनोईत, रस्ता ओलांडायला फक्त धीर लागतो. मी दोन वर्षं तिथे होते, म्हणून थोडं जोडते. पहिल्या आठवड्यात मी होआन किएम तळ्यापाशी बराच वेळ कडेलाच उभी होते. शेवटी भाजीची कावड घेतलेल्या एका आजींनी माझा दंड धरला आणि सावकाश पलीकडे नेलं. एका चालीने चालायचं, थांबायचं नाही, पळायचं नाही, मागे तर मुळीच यायचं नाही. तुमची चाल कळली की स्कूटरवाले आपोआप वळसा घालतात. बस आणि मोटारी मात्र वळत नाहीत, त्यांना आधी जाऊ द्यायचं. आणि तिथे वाहनं उजवीकडून चालतात, म्हणून आधी डावीकडे बघायचं. ही सवय मोडायला मला परत आल्यावर महिने लागले.

इथे ठाण्यात, मानपाड्यावरून जाणाऱ्या घोडबंदर रोडवर हा धीर उपयोगाचा नाही. तिथे ट्रक, बस, रिक्षा; वळसा कोण घालणार? त्यात मेट्रोच्या कामासाठी लावलेले पत्रे, आणि उलट्या दिशेने येणारे बाइकवाले. गेल्या पावसाळ्यात मानपाड्याला आईचा हात धरून मी झेब्रावर उभी होते. सिग्नल आमचा होता, तरी एक बाइक तिच्या छत्रीला घासून गेली. छत्रीची काडी वाकली, आईचा हात घरी पोचेपर्यंत थरथरत होता. झेब्रावर माणसाला वाट द्यायची हे 2017च्या वाहन चालवण्याच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय. आई आता समोरच्या दुकानात जायलाही रिक्षा करते.